“अगदी तसाच करून बसवा”: पेण-रोह्याच्या घरांतील लाकडी नक्षी आणि तिच्या जोडतुकड्याचा इतिहास

१/
भोगावतीच्या काठचे पेण आणि कुंडलिकेच्या काठचे रोहा. रायगड जिल्ह्यातील या दोन गावांत आजही काही जुनी लाकडी घरे उभी आहेत. ओटीचे कोरीव खांब, दाराच्या चौकटीवरील वेलबुट्टीची पट्टी आणि वळचणीला लोंबणारी लाकडी झालर ही अशा घरांची ओळख. झालरीचा हातभर तुकडा कुजला की घरमालक सुताराला सांगतो, “अगदी तसाच करून बसवा.” मागणी साधी वाटते. ती पुरी करणे इतके अवघड का झाले, याचे उत्तर मात्र जंगल, जहाजे, मापे आणि कायदे यांच्या तीनशे वर्षांच्या इतिहासात दडले आहे. त्याविषयी हा थ्रेड.

२/
प्रथम एक गैरसमज दूर करू. झालर ही केवळ शोभा नव्हे. कोकणात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. छपराच्या वाशांची टोके उघडी राहिली तर पाणी त्यांत शिरते आणि छप्पर आतून पोखरते. झालर तो मारा स्वतःवर घेते. तिची खाली निमुळती होत गेलेली टोके पाण्याला भिंतीपासून दूर ठिबकायला लावतात. म्हणजे झालर ही घराने पावसापुढे धरलेली ढाल आहे. ढाल झिजणारच. ती बदलता यावी, हे तिच्या कामातच गृहीत धरलेले आहे.

३/
कुजण्याची सुरुवातही ठरावीक जागी होते. लाकडाचे तंतू उभे असलेल्या फळीचे खालचे टोक म्हणजे असंख्य सूक्ष्म नळ्यांची उघडी तोंडे. पाणी तेथून वर चढते. म्हणून फळीचा वरचा भाग शंभर वर्षे धडधाकट राहतो आणि टोकाची नक्षी आधी जाते. सर्वांत नाजूक कोरीव काम सर्वांत धोक्याच्या जागी असते, हा या कलेचा मूळ पेच आहे.

४/
आता लाकूड. कोकणी घरात ऐन, किंजळ, फणस, शिसव अशी अनेक लाकडे कामाप्रमाणे वापरली जात; पण उघड्यावरच्या नक्षीसाठी मान सागाचा. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेले आणि वाळवीला न मानवणारी द्रव्ये असतात. हा गुण फक्त गाभ्याचा. सालीलगतचे फिकट लाकूड त्याच झाडाचे असूनही लवकर किडते. झाड जितके जुने तितका गाभा मोठा. जुन्या घरातील रुंद, एकरंगी, सरळ रेषांची फळी पाहिली की ती कोणत्या वयाच्या झाडातून निघाली असेल याची कल्पना येते.

५/
असा साग पूर्वीही मुबलक, फुकट मिळत नव्हता. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी लाकडाचा स्वतंत्र विचार आहे. जहाजांसाठी साग वगैरे झाडे सरकारी परवानगीने तोडावीत. आंबा-फणस ही झाडेही उपयोगाची खरी, पण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, द्रव्य देऊन तोडावे, असा त्याचा आशय. लाकूड ही राज्याची मर्यादित संपत्ती आहे, याचे भान तेव्हाच होते.

६/
याच किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांचे आरमार उभे राहिले. पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली ब्रिटिशांची जहाजे बांधली जाऊ लागली. इंग्लंडमधील ओक कमी पडू लागला होता आणि सागाची टिकाऊ जहाजे नामांकित झाली होती. मुंबईत मलबारी सागातून बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे युद्धजहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. जुन्या सागाचे याहून बोलके प्रमाणपत्र कोणते?

७/
१८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान ब्रिटिशांनी खालसा केले. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक झाली. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलावरील सरकारचा ताबा पक्का केला. ज्या रानातून गावकरी घरासाठी लाकूड आणत, त्याच रानात आता हद्दीचे दगड आणि पहारेकरी आले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला त्यांच्या चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. आजचा रायगड जिल्हा म्हणजे तेव्हाचा कुलाबा. नाव बदलले ते १९८१ मध्ये.

८/
असंतोष आयोगाने शमला नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी याच जिल्ह्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि अनेक जण हुतात्मे झाले. झालरीच्या एका तुकड्याच्या कथेत चिरनेर कशाला, असे वाटू शकेल. पण घराचे लाकूड कोठून यायचे आणि ते आणायचा हक्क कोणाचा, हाच त्या लढ्याचा एक धागा होता.

९/
स्थानिक रान दूर गेले, तशी बाजारातील लाकडाची वाट जवळ आली. १८६३ मध्ये मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली. ब्रह्मदेशातील सागाच्या तोडीवरून तिचा तेथील राजाशी तंटा झाला. तो तंटा निमित्त ठरून १८८५ चे तिसरे इंग्रज-ब्रह्मी युद्ध पेटले आणि उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात गेला. त्यानंतर मुंबईच्या वखारींत ‘बर्मा टीक’ हा शब्द प्रतिष्ठेचा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या कोकणी घराचा साग शेजारच्या डोंगरावरचा असेल, तसाच इरावतीच्या खोऱ्यातलाही असू शकेल.

१०/
लाकडाप्रमाणे नमुनेही जलमार्गाने आले. पेणजवळच्या अंतोरे बंदरात आणि भरतीच्या पाण्याने कुंडलिकेतून रोह्यापर्यंत गलबते येत. तांदूळ, मीठ, लाकूड मुंबईला जाई. परतीच्या फेरीत शहरातील नव्या वस्तू आणि नव्या आवडीनिवडी येत. त्यामुळे येथील नक्षीत दोन प्रवाह दिसतात. एक पेशवाई वळणाचा: सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, केळफुलांच्या आकृती, महिरपी. पुण्यातील १८०७ सालचा विश्रामबाग वाडा हे त्याचे ठळक उदाहरण. दुसरा वासाहतिक वळणाचा: छिद्रे कापून केलेली जाळीदार झालर, त्रिकोणी छपराच्या कडेच्या कातीव पट्ट्या.

११/
या दुसऱ्या प्रवाहाला कौलांनी हातभार लावला. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. यंत्रावर दाबून केलेली ही चपटी, एकसारखी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. नळीच्या कौलांच्या किंवा पेंढ्याच्या छपराची कड ओबडधोबड असे. मंगळुरी कौलांची कड सरळ रेषेत येते. सरळ कडेखाली फळ्यांची झालर नीटस बसते. तेव्हा घरावर मंगळुरी कौले आणि जाळीची झालर एकत्र दिसली, तर तो भाग १८६५ नंतरचा असण्याची शक्यता प्रथम तपासावी. घराचा गाभा त्याहून जुना असू शकतो.

१२/
येथे जोडतुकड्याचा पहिला नियम हाती लागतो: नक्कल करण्याआधी मूळ तुकड्याचे वय ओळखा. लाकूड स्वतः साक्ष देते. फळीची मागची, न रंधलेली बाजू पाहावी. ओंडका उंचावर ठेवून एक माणूस वर आणि एक खाली उभा राहून करवत ओढत असे. त्या करवतीचे ओरखडे सरळ, पण थोडे कमीजास्त तिरपे पडतात. यंत्राच्या गोल करवतीचे ओरखडे कमानीसारखे वळलेले असतात. वाकसाने तासलेल्या पृष्ठभागावर उथळ वाट्यांसारख्या खुणा दिसतात. समोरची बाजू रंगवली जाते, मागची बाजू कोणी खोटी करीत नाही.

१३/
दुसरी साक्ष खिळ्यांची. लोहाराने घडवलेला खिळा चौकोनी आणि टोकाकडे निमुळता असतो. तारेपासून यंत्रावर केलेले गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर पसरले. मात्र सावधगिरी हवी: गोल खिळा मूळ कामातला नसून नंतरच्या दुरुस्तीतला असू शकतो. एकाच फळीत दोन्ही जातींची भोके सापडली, तर ती फळी पूर्वी एकदा उतरवून पुन्हा बसवलेली आहे, असा तर्क बांधता येतो.

१४/
तिसरी साक्ष मापांची, आणि गफलत बहुधा येथेच होते. मुंबई इलाख्यात रूढ असलेल्या हिशेबाने २४ तसूंचा एक गज आणि गज २७ इंचांचा. म्हणजे एक तसू सव्वा इंचाला थोडा कमी, नेमका १.१२५ इंच. मग आले ब्रिटिश इंच-फूट. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, तरी वखारीत लाकडाचा भाव आजही घनफुटावर सांगितला जातो. एकाच घरात या तिन्ही मापांचे काम सापडू शकते.

१५/
याचा परिणाम काय? समजा झालरीची प्रत्येक फळी चार तसू रुंद आहे, म्हणजे साडेचार इंच. दुरुस्तीत बाजारातली चार इंची फळी घेतली. एका फळीत अर्ध्या इंचाचा फरक डोळ्यांना खुपत नाही. वीस फळ्यांत तो दहा इंचांचा होतो. मग नक्षीची शेवटची पाकळी कोपऱ्यावर अर्धी कापली जाते आणि दोष सुताराच्या हाताला दिला जातो. चूक हाताची नसते. ती विसरलेल्या तसूची असते.

१६/
माप मिळाले की आकार. जुन्या नक्षीवर तेलरंगाचे थर चढलेले असतात; त्यांनी धारदार कडा बोथट होतात आणि खोल खाचा बुजतात. रंगासकट ठसा घेतला, तर नक्कल होते ती रंगाची. रंग काढताना मात्र जपावे लागते, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि घासल्यावर उडणारी त्याची धूळ विषारी असते. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएम ही मर्यादा भारतात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्यापूर्वीच्या थरांबाबत गाफील राहू नये.

१७/
ठसा ही गोष्ट पेणला समजावून सांगण्याची गरज नाही. गणेशमूर्तींच्या या गावाने साचा आणि मूर्ती यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्या हाताळले आहे. नक्षीवर पातळ कागद लावून ओल्या शाडूचा किंवा प्लास्टरचा ठसा घेता येतो. तो आडवा कापला की कोरीव कामाची खोली आणि गोलाई नेमकी दिसते. पण साच्याचा कारागीर आणखी एक गोष्ट जाणतो. झिजलेल्या मूर्तीवरून साचा घेतला, तर पुढची प्रत्येक मूर्ती झिजलेलीच जन्माला येते.

१८/
म्हणून प्रश्न उभा राहतो: वीस फुलांच्या रांगेत ‘मूळ’ फूल कोणते? हाताने कोरलेली वीस फुले वीस तऱ्हेची असतात. कोठे पाकळी रुंद, कोठे देठ किंचित कललेला. पावसाच्या माऱ्यापासून बचावलेले, कोपऱ्याच्या आडोशाचे फूल निवडावे आणि ते समोर ठेवून सुताराने पुन्हा हाताने कोरावे, हा सुज्ञ मार्ग. संगणकावर चालणारे यंत्र एका फुलाच्या वीस तंतोतंत प्रती काढून देते. त्यांतील एकही चुकीची नसते. तरीही जुन्या रांगेत त्या उपऱ्या दिसतात, कारण त्या रांगेत कोणतीच दोन फुले सारखी नव्हती.

१९/
आकार जुळला तरी लाकूड जुळत नाही. ताजे लाकूड वाळताना आक्रसते, आणि सर्व बाजूंनी सारखे नाही: लांबीत जवळजवळ नाही, पण वर्षवलयांच्या दिशेने ते केंद्राकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट. ओलसर फळीवर एप्रिलमध्ये अचूक कोरलेली नक्षी पुढच्या एप्रिलमध्ये शेजारच्या नक्षीला जुळेलच असे नाही. शंभर पावसाळे पाहिलेले शेजारचे लाकूड बहुतांशी स्थिरावलेले असते. दोघांना एकाच खिळ्याने जखडले की नवे लाकूड फाटते.

२०/
या टप्प्यावर तंत्राचा प्रश्न तत्त्वाचा होतो. नवा तुकडा जुन्यासारखा दिसावा की नवा म्हणून ओळखू यावा? एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील व्हिओले-ल-द्यूक याने इमारतींना त्यांचे ‘परिपूर्ण’ रूप देण्याचा पुरस्कार केला. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये संस्था काढून त्याला विरोध केला: वास्तू डागडुजीने जपा, खोट्या जुनेपणाने नटवू नका. १९६४ च्या व्हेनिस सनदेने मधला मार्ग काढला. बदललेला भाग एकूण रूपाशी सुसंगत असावा, पण तो मूळ भागापासून वेगळा ओळखता यावा. आणि तर्काची सुरुवात होते तेथे पुनर्निर्मिती थांबावी.

२१/
ही सनद दगडी युरोपच्या मनाने लिहिलेली होती. जपानमधील इसे येथील लाकडी देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते. तेथे जुने टिकते ते कारागिराच्या हातात. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणाच्या अशा वेगळ्या कल्पनांना मान्यता दिली. भारतात इनटॅक या संस्थेने २००४ च्या आपल्या सनदेत पारंपरिक कारागिरांचे जिवंत ज्ञान हाच वारशाचा भाग मानला. म्हणजे पेणच्या सुताराने हाताने कोरलेले नवे फूल ही नक्कल नव्हे; परंपरा चालू असल्याचा तो पुरावा ठरू शकतो.

२२/
२०१७ मध्ये दिल्लीत भरलेल्या इकोमॉसच्या महासभेने लाकडी वास्तूंसाठी तत्त्वे स्वीकारली. शक्य तेथे त्याच जातीचे, तशाच गुणांचे आणि योग्य ओलाव्याचे लाकूड घ्यावे. नव्या भागावर अदृश्यप्राय, पण कायमची खूण ठेवावी. सल्ला उत्तम आहे. मात्र ‘त्याच जातीचे, तशाच गुणांचे’ या शब्दांपाशी रोह्याचा घरमालक थबकतो.

२३/
कारण तसा साग आता मिळणार कोठून? म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यामुळे खासगी जमिनीवरचा साग तोडण्यासही परवानगी लागते, आणि तसे असणे योग्यच आहे. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतून येणारा साग प्रायः लागवडीतला, थोड्या वर्षांत तोडलेला. त्यात गाभा कमी आणि फिकट भाग जास्त.

२४/
उरतो एकच स्रोत: दुसरे जुने घर. पाडलेल्या वाड्यांचे ‘जुने सागवान’ वखारींत चढ्या भावाने विकले जाते. कोरीव खांब आणि चौकटी पुराणवस्तूंच्या दुकानांत जातात. २०१७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या अहमदाबादच्या पोळांनाही ही गळती चुकलेली नाही. एका घराची झालर तंतोतंत जुळवायची, तर दुसऱ्या घराची तुळई चिरावी लागते. ‘अगदी तसाच’ या आग्रहाची खरी किंमत ही आहे. जितका आग्रह वाढेल, तितका पाडलेल्या घराचा भाव वाढेल.

२५/
मग विवेकाचा मार्ग कोणता? अख्खी फळी न बदलता कुजलेले टोक तिरपे कापावे आणि तेवढाच नवा तुकडा जोडावा. तिरप्या जोडात पाणी साचत नाही आणि डिंकाला पकड जास्त मिळते. जुने लाकूड घ्यायचेच, तर प्रथम त्याच घराच्या मोडक्या भागातले. ते नसेल तर नीट वाळवलेला, गाभ्याचा नवा साग. रंगातला फरक राहू द्यावा, दोन पावसाळ्यांत तो निवळतो. खालच्या टोकाला तेल किंवा रंग भरपूर पाजावा, कारण पाणी तेथूनच शिरते. उतरवलेला तुकडा जाळू नये. पुढच्या सुतारासाठी तो एकमेव खरा नमुना आहे.

२६/
हे सारे घरमालकावर अवलंबून आहे. १९९५ मध्ये मुंबईला वारसा-नियमावली मिळाली. लहान गावांतील बहुतेक घरांना तसे कवच नाही. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भाव्यांचे जन्मगाव. चिंतामणराव देशमुखांचे बालपण रोह्यात गेले. थोरांची घरे स्मरणात राहतात. वकिलाचे, व्यापाऱ्याचे, खोताचे साधे घर मात्र पाडले गेले, तर त्याच्यासोबत तसूचे माप, करवतीची खूण आणि एका अनामिक सुताराचे वळण पुसले जाते. त्याची दुसरी नोंद कोठेही नसते.

२७/
इसेच्या देवस्थानाने १९२३ पासून पुढच्या दोनशे वर्षांचा विचार करून स्वतःच्या रानात झाडे राखायला घेतली. २०१९ च्या आगीनंतर पॅरिसच्या नोत्र-दामचे छप्पर पुन्हा उभारताना फ्रान्सच्या जंगलांतून सुमारे दोन हजार ओक निवडता आले, कारण ती जंगले पिढ्यांनी जपली होती. घराची नक्षी टिकवायची तर रान टिकवावे लागते. आज रायगडात लावलेला साग झालरीच्या लायकीचा होईल तो नातवंडांच्या काळात.

२८/
तोवर एक लहानसे काम प्रत्येकाला करता येईल. नवा तुकडा बसवण्याआधी त्याच्या मागच्या बाजूवर पटाशीने साल कोरावे आणि सुताराचे नाव लिहावे. समोरून नक्षी अखंड दिसेल. मागून इतिहास खरा राहील. जुन्या कारागिरांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, कारण ती कोणी कोरली नाहीत. ही उणीव पुढच्या शंभर वर्षांनाही देण्याचे कारण नाही.